माणूस बघून वाढलेला मऊभात

नोव्हेंबरचा पहिला सोमवार, सकाळ. हजर : डॉक्टरबाई, सोनोग्राफी करणारी प्राची, तपासणीला आलेली माणसं, मी, आणि स्वयंपाकघरात मामा. गैरहजर : गॅसचा सिलिंडर.

सिलिंडर येईपर्यंत मामा स्वस्थ बसले नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बाहेर बाकावर बसलेल्यांना एकेक करून न्याहाळत होते. मान जराशी तिरकी, एक डोळा बारीक. कोळंबी घेण्याआधी आपण टोपली न्याहाळतो ना, तसे. मग पळी पातेल्याच्या काठावर दोनदा आपटून म्हणाले, "माणूस बघून वाढायचं, ताई. ताट बघून नाय."

मला वाक्य आवडलं. स्वयंपाकी चांगला मिळाला, असं मनाशी म्हणून मी पुढच्या कामाला लागले. आमच्या कामाचा बोजवारा याच वाक्यानं उडणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक!

काम काय होतं ते आधी सांगते. जेवलं की पोटात दगड बसल्यासारखं वाटतं, ही तक्रार रत्नागिरीत घरोघरी. कोणी खापर फणसावर फोडतं, कोणी सुनेच्या हातावर. यकृतावर चरबी साठलेल्या माणसांचं पोट जेवणानंतर उशिरा रिकामं होतं का, आणि तो दगड त्यामुळेच बसतो का, हे डॉक्टरबाई शोधत होत्या. रीत साधी होती. उपाशीपोटी आलेल्या प्रत्येकाला एकच जेवण द्यायचं : उकड्या तांदळाचा मऊभात, तोलून, वर मीठ आणि तूप, मोजून. मग थोड्या थोड्या वेळानं सोनोग्राफी करून पोट किती रिकामं झालं ते बघायचं. कोणाला कधी बोलवायचं, कोण आलं, कोण विसरलं, तूप किती उरलं, ही सगळी जुळवाजुळव माझ्याकडे. मी याद्या करणारी बाई आहे. घरी फ्रिजचं दार याद्यांमुळे दिसत नाही.

मामा मूळचे हर्ण्याचे. आयुष्य मालवाहू बोटींवर गेलं, गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, भात शिजवण्यात. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघराचीही त्यांनी बोट केली. पळ्या दोरीनं बांधल्या, बरण्यांपुढे फळी ठोकली आणि ताटांखाली ओलं फडकं घातलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"ताटं सरकू नयेत म्हणून. बोट हलली तर?"

"मामा, ही इमारत आहे."

"भूकंप झाला तर?"

फडकं राहिलं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. किनाऱ्यावर राहतात, पण मुक्काम पाण्यातच असतो. मामांचं दुखणंही तेच होतं. शेवटच्या फेरीत त्यांना कावीळ झाली आणि कुठल्याशा परक्या बंदरात स्ट्रेचरवरून उतरवलं. यकृत पार बिघडलेलं निघालं. बोटीवर जायला लागतं ते मेडिकल सर्टिफिकेट अडलं ते तेव्हापासून.

"चढलो चालत, उतरलो झोपून," ते म्हणायचे. "ह्याला उतरणं म्हणत नाय, ताई. एकदा परत चढायचं, आणि स्वतःच्या पायांनी शिडी उतरून घरी यायचं. मग काय ती पेज पीत बसेन अंगणात."

त्यासाठी त्यांनी दारू सोडली. रोज सकाळी मांडवीहून भाट्याच्या पुलापर्यंत चालून मग कामावर येत. दर महिन्याला रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवत आणि मुलाचा निकाल लागावा तसे उभे राहत. "काय म्हणतंय लिव्हर? चढेल काय बोटीवर?"

"सुधारलंय. पण अजून एका विषयात नापास," डॉक्टरबाई म्हणत.

"आळशी आहे मेलं. बापावर गेलंय."

त्यांचं यकृत आमच्याही कामाचं होतं, म्हणून इतरांसारखे तेही तपासणीत होते. तोच मऊभात खायचा, तशीच सोनोग्राफी करून घ्यायची.

आता बोजवारा उडाला तो दिवस, महिनाभरानंतरचा. बाकावर भाट्याच्या दोन जावा बसल्या होत्या, भात खाऊन. मी शेजारीच पुढच्या आठवड्याची नावं लावत होते.

"लोणचं मात्र झकास होतं हां," थोरली म्हणाली.

"कसलं लोणचं?"

"लिंबाचं. भाताखाली फोड होती की."

"मला नाय दिली!"

"तुला कशाला देतील? तुझं तोंड सदाच आंबट."

धाकटीनं नाक उडवलं. "मला तूप होतं भरपूर. भात दिसत नव्हता तुपात."

"तरीच! म्हटलं ही ताटात वाकून काय बघते, तोंड बघते की काय!"

मी पेन खाली ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेले.

"मामा, लोणचं?"

मामांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. "त्या थोरलीची जीभ बघितलीत? पांढरीफेक. रुचीच नाय तिला. फोडीशिवाय भात उतरला नसता."

"आणि धाकटीला तूप?"

"वाळून गेलीय ओ पोर."

"कालचे ते निवृत्त मास्तर?"

"त्यांचे पाय सुजलेत. मीठ घातलंच नाय." मग समजुतीच्या सुरात, "तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाय. कामात असता."

"आणि स्वतःच्या ताटात?"

"माझं तूप बंद," मामा म्हणाले. "मला बोटीवर चढायचंय."

ज्याला जे हवं ते मिळत होतं, सुरुवातीपासून. भात बरोबर तोललेला असायचा. तेवढा एक नियम त्यांना पटला होता. बाकी माणूस बघून.

डॉक्टरबाई रागावतील असं मला वाटलं. त्या स्टूल ओढून मामांसमोर बसल्या. "मामा, धाकटीचं पोट फार उशिरा रिकामं झालं. आजारामुळे की तुपामुळे, सांगा बघू."

मामांनी नकारार्थी मान हलवली.

"मलाही सांगता येत नाही. सगळ्यांचं ताट सारखं असलं तरच पोटातला फरक मला दिसणार. एरवी मला दिसतो तो तुमच्या वाढण्यातला फरक."

मामांनी हातातली पळी खाली ठेवली. "म्हणजे मी कंपासजवळ सुरी ठेवली," ते म्हणाले. "सुई फिरली, नि बोट भलतीकडे."

"हो."

त्यांनी एप्रन सोडला, घडी केली, ओट्यावर ठेवला. "मग मी उतरतो, बाई. ह्या खेपेला चालत तरी."

हसावं की काय करावं कळेना. पण बोलावून ठेवलेली माणसं, वाया गेलेला महिना आणि नवा स्वयंपाकी शोधण्याची कटकट, एवढं सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. "उतरायचं कशाला?" मी म्हटलं. "माणूस दिसलाच नाही तर बघून वाढणार कसे? खिडकीला पडदा लावू."

घरून जुनी फुलांची चादर आणली आणि खिडकीवर टांगली. खाली ताट सरकवण्यापुरती फट. त्या दिवसापासून मामांना फक्त हात दिसू लागले. मोजमाप माझ्या देखत.

सवय इतक्यात जाते थोडीच! पडद्याआड कोणी खोकलं की पळी हवेत थांबायची. "ओला खोकला आहे. जरा आल्याचा—"

"मामा."

"नुसतं म्हटलं."

बांगड्यांच्या आवाजावरून ते बाईचं वजन ओळखू लागले, आणि शेवटी मी बांगड्याही काढून ठेवायला सांगू लागले. ताटं आता एकसारखी जात होती. प्रत्येक ताट सरकवलं की मामा पळी काठावर दोनदा आपटत आणि एक सुस्कारा टाकत. भातापेक्षा सुस्काराच मोठा.

आधी जेवून गेलेल्यांना पुन्हा बोलवायला हवं होतं. मी फोन लावायला घेतले तर मामांनी फोन काढूनच घेतला. "चूक माझ्या हातची. आमंत्रण माझ्या तोंडानं." काम संपलं की ते घरोघर जात. दारात उभं राहून सांगत, "माझ्या हातून चुकलं, परत जेवायला या. ह्या खेपेला चव नसेल, वचन देतो." कोण नाही म्हणणार? एक बाई माहेरी संगमेश्वरला गेली होती. मामा एसटीनं तिथं गेले, दिवस ठरवून आले आणि येताना तिच्या आईनं दिलेली कुळथाची पिशवीही घेऊन आले.

दोन्ही जावा आल्या. निघताना थोरलीनं पडद्याकडे बघून मोठ्यानं सांगितलं, "लोणच्याची आठवण आली हो!" पलीकडून पळी आपटली. मास्तरही आले. पहिला घास घेऊन म्हणाले, "मामा, आज मीठ लागलं."

पडद्याआडून आवाज आला, "लागू दे. सायन्स आहे."

पुन्हा बोलावलेले सगळे झाले, आणि मामा स्वतः उरले. त्यांचंही पहिलं ताट बिनतुपाचं, म्हणजे बाद. आता नियम ठरला होता की त्यांनी स्वतःचं वाढून घ्यायचं नाही. भात मी शिजवायचा, मीच वाढायचं. मी दर आठवड्याला आठवण करून देई आणि ते दर आठवड्याला म्हणत, "आधी पाहुणे. घरचा माणूस मागून." परत आलेले पाहुणे संपल्यावर म्हणू लागले, "उद्या." माझ्या हातच्या भातावर त्यांचा विश्वास नव्हता, हेही एक कारण असावं.

मग एका महिन्याचा रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला. "काय म्हणतंय?" मामांनी विचारलं.

"सगळ्या विषयांत पास."

मामा ओळखपाळख नसलेल्या माणसालाही चहा पाजत सुटले. मुंबईला जाऊन बोटीच्या मेडिकलमध्येही पास होऊन आले. आठ दिवस गेले नाहीत तोच कंपनीचा फोन : एक कुक आजारी पडलाय, लगेच निघा.

शेवटच्या सकाळीही ते कामावर आले. ताटं वाढली, पळी आपटली. मी म्हटलं, "मामा, तुमचं जेवण राहिलं. उद्या सकाळी उपाशीपोटी या."

"उद्या सकाळी मी मुंबईत, ताई."

"मग आज?"

"आज चहाबरोबर दोन घावने खाऊन आलो."

एप्रन काढून त्यांनी घडी केली. मग खिडकीशी गेले आणि पडदा बाजूला सारला. बाहेर बाकावर नवी माणसं बसली होती, भात खाऊन, सोनोग्राफीची वाट बघत. मामांनी मान तिरकी केली, एक डोळा बारीक केला आणि प्रत्येकाला सावकाश पाहिलं. मग पडदा परत ओढून नीट केला.

"काय वाढलं असतंत?" मी विचारलं.

"नाय सांगणार," ते म्हणाले. "कंपास बिघडेल."

दुपारच्या गाडीनं गेले. काही दिवसांनी मोबाईलवर आवाज आला, मागे इंजिनाची घरघर. "ताई, शिडी चढलो. चालत. बोटीवर सगळ्यांना माणूस बघून वाढतोय, बाईंना सांगू नका. माझं पान झाकून ठेवा."

उरलेल्या नव्या माणसांसाठी स्वयंपाकघरात दुसऱ्या बाई आल्या. ताटांखालचं ओलं फडकं त्यांनी पहिल्याच दिवशी काढलं, मी दुसऱ्या दिवशी परत घातलं. डॉक्टरबाई अधूनमधून विचारतात, नोंदी पुऱ्या कधी होणार. मी सांगते, एक माणूस उतरायचा आहे.

ते येतील तेव्हा भात मी तोलूनच घालीन. मीठ मोजून, तूप मोजून, पडदा ओढून. पलीकडे कोण बसलंय हे मला ठाऊक असेल, एवढीच अडचण. बाकी सगळ्या नावांपुढे खूण झाली आहे.

मामांचं जेवण : बाकी.