नायनांच्या तोंडी माझा आवाज

माझे वडील सिनेमात काम करतात असं मी शाळेत सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: कशात? मग मी प्रसंग सांगायचो. नायकाला बेड्या घालणारा हवालदार. कागद द्यायला टाळाटाळ करणारा तलाठी. तोंडावर देवळाचं दार लावून घेणारा पुजारी. "हां, त्यो व्हय," कुणीतरी म्हणायचं, "आवाज लई भारी हाय की त्याचा." मी मान हलवायचो. सिनेमातला तो भारी आवाज कुण्या दुसऱ्या माणसाचा असायचा, हे सांगत बसायचो नाही.

आम्ही वडिलांना नायना म्हणायचो. तेलंगणातल्या एका खेड्यातून मामाचं बोट धरून ते लहानपणी सोलापूरला आले, मागावर काम करायला. चादरीच्या कारखान्यात आधी सुताच्या कांड्या भरल्या, मग माग चालवला. घरात तेलुगू, कारखान्यात तेलुगू. मराठी त्यांनी बाजारात आणि कामगारांच्या नाटकांत उचलली. तीही अशी की भ, ध, घ ही अक्षरं त्यांच्या तोंडून सपाट होऊन बाहेर पडायची. भाकरीची बाकरी, धोतराचं दोतर. चप्पल कधी तो, कधी ती. शिवाय मागाच्या खडखडाटात वर्षं काढलेली माणसं बोलतात तसं बोलणं, मोठ्यानं आणि तोडून तोडून.

चेहरा मात्र असा, की एकदा पाहिलेला माणूस विसरायचा नाही. जाड भुवया, खोल डोळे, गालांवर देवीचे व्रण. अक्कलकोटच्या बाजूला एका सिनेमाचं शूटिंग आलं तेव्हा कारखान्यातली पोरं गर्दीत उभी राहायला गेली होती. दिग्दर्शकानं गर्दीतून नायनांना बाजूला काढलं आणि त्यांच्या हातात काठी देऊन हवालदार केलं. तिथून कामं येत गेली. कधी कोल्हापूर, कधी मुंबई. मधली काही वर्षं ते मुंबईतच एका खोलीत दाटीवाटीनं राहिले. काम नसलं की परत येऊन मागावर उभे राहायचे. सिनेमावाले त्यांना सोलापूरवाले म्हणायचे, सोलापुरात काही लोक तेलंगी म्हणायचे, आणि तेलंगणातल्या त्या खेड्यात गेलं की तिथली माणसं म्हणायची, सोलापूरचे पाहुणे आले.

त्यांचा सिनेमा मी पहिल्यांदा थिएटरात पाहिला तो अम्माच्या, म्हणजे आईच्या, मांडीवर बसून. पडद्यावर नायना आले, मी हात वर केला, आणि त्यांनी तोंड उघडलं तर आतून भलताच माणूस बोलला. घोटीव, जाड आवाज. मी घाबरून अम्माच्या पदरात तोंड खुपसलं. घरी आल्यावर रात्रभर नायनांच्या जवळ गेलो नाही, असं अम्मा सांगते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ ओढून आपल्या गळ्यावर माझा हात ठेवला आणि तेलुगूत काहीतरी बोलत राहिले. गळा थरथरत होता तो अजून माझ्या तळव्याला आठवतो. शब्द आठवत नाहीत.

मी मोठा झालो आणि मराठीचा शिक्षक झालो. लहानपणी शाळेत माझ्याही तोंडून बाकरी आणि दोतर निघायचं, पोरं हसायची. मी मोठ्यानं पुस्तकं वाचून वाचून जीभ सरळ केली. भ म्हणताना श्वास कुठून सोडायचा हे मी इतकं शिकलो, की पुढे शाळेत कथाकथनाला मलाच उभं करायला लागले. नायनांना त्याचं कौतुक होतं. पाहुण्यांसमोर म्हणायचे, "ह्याला बोलू द्या. माजं काय, मी तोंड हलवणारा."

त्यांचा शेवटचा सिनेमा नातेपुत्याकडच्या एका तरुण दिग्दर्शकाचा होता. मुलखाबाहेरून आलेला एक म्हातारा दुष्काळी गावात शेळ्या राखत एकटा राहतो, अशी काहीशी गोष्ट. हा तरुण आमच्या घरी आला, चहा प्याला आणि म्हणाला, "काका, मला तुमचा आवाजबी पायजे. तुमी बोलता तसाच."

नायनांना आधी पटेना. "मी बोलल्यावर लोक हसतील."

"हसू द्या की. तुमी बोला."

सांगोल्याजवळच्या माळावर ऐन उन्हाळ्यात शूटिंग झालं. वारा एवढा, की जागेवर घेतलेला आवाज कामाचा नव्हता. पुण्याच्या स्टुडिओत जाऊन सगळं पुन्हा बोलायचं ठरलं. शूटिंग संपलं तेव्हा नायना वेगळेच झाले होते. रोज सकाळी गच्चीवर जाऊन आपलेच संवाद म्हणायचे. अम्माला विचारायचे, "कसं वाटतंय?" ती बिड्या वळायच्या सुपावरून मान न उचलता म्हणायची, "रोजच्यासारखंच."

पुण्याला जायच्या आधीच ते गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले होते. अम्मा ताट उचलायला आली तेव्हा ते बसलेलेच होते.

दिग्दर्शक मातीला आला, नंतर दिवसांनाही आला. मग काही आठवड्यांनी त्याचा फोन आला.

"सर, एक इचारायचं होतं. रागावू नका."

"विचारा."

"तुमी फोन उचलला की मला काका बोलल्यागत वाटतंय. पट्टी तीच हाय. तुमी कराल का डबिंग?"

मी म्हणालो, मी शिक्षक आहे, मला यातलं काही येत नाही. तो म्हणाला, दुसऱ्या कुणाचा आवाज टाकायचं माझ्यानं होणार नाही, काकांना शब्द दिला होता. फोन ठेवून मी अम्माला सांगितलं. तिनं पुढ्यातलं बिड्यांचं सूप बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "जा. पुन्हा परक्या माणसाचा आवाज नको."

स्टुडिओ एका इमारतीच्या तळघरात होता. काच, काचेपलीकडे आवाज घेणारी बाई आणि दिग्दर्शक, अलीकडे मी, माइक आणि समोर पडदा. कानात हेडफोन घातला आणि माळावरचा वारा सुरू झाला. वाऱ्यातून नायना बोलले. ते गेल्यानंतर मी त्यांचा आवाज ऐकला तो असा, माझ्या दोन्ही कानांच्या आत. मी हेडफोन काढून खाली ठेवला. मग मीच तो पुन्हा घातला.

पहिलं वाक्य मी बोललो. बाई म्हणाली, "सर, ओठ जुळतायत. पण फार पुस्तकी येतंय. त्यांचा भ ऐका ना."

मी ऐकला. तो भ नव्हताच. मग मी त्यांच्यासारखं बोलायचा प्रयत्न केला तर नक्कल झाली, शाळेत पोरं माझी करायची तशी. दुपारपर्यंत एकही वाक्य धड झालं नाही. जेवण झाल्यावर दिग्दर्शक म्हणाला, "सर, बोलू नका. नुसतं ऐका."

त्यानं सगळी टेप न तोडता लावली. शॉटच्या आधीचं खाकरणं, शॉटनंतर कुणाकडे तरी मागितलेलं पाणी, शेळीला केलेलं च्यक च्यक. आणि प्रत्येक शॉट संपला की, कुणाला उद्देशून नाही, असं हळू, "इंटिकि पोदाम."

"हे काय म्हणायचे ते?" दिग्दर्शकानं विचारलं. "आमाला वाटायचं शॉट चांगला झाला म्हणत्यात. शेवटी शेवटी आमीबी पॅकअपला तेच म्हणायला लागलो."

"घरी जाऊ, असा अर्थ आहे," मी म्हणालो.

"सोलापूरला?"

सांगोल्याहून सोलापूर काही लांब नव्हतं, त्यांना रोज गाडीनं आणून सोडत होते. पण आवाज ज्या घराकडे निघाला होता ते आमचं शुक्रवार पेठेतलं नव्हतं असं मला वाटलं.

त्यानंतर मी बोलायला लागलो तेव्हा जुळवावं लागलं नाही. जीभ आपोआप मागे गेली, जिथून मी ती ओढून आणली होती तिथे. बाई काचेपलीकडून नुसतं पुढचं, पुढचं म्हणत राहिली.

एका ठिकाणी अडलं. सिनेमात म्हातारा फाटकाशी येतो आणि आपल्या गेलेल्या बायकोला हाक मारतो. पटकथेत "अगं, ऐकलंस का" असं होतं. नायनांनी तिथे "एमे" म्हटलं होतं. आमच्यात नवरा बायकोला अशी हाक मारतो. जन्मभर त्यांनी अम्माला हीच हाक मारली, नावानं कधी नाही. दिग्दर्शकाला ती आवडली आणि त्यानं तशीच ठेवली. चेहरा अगदी जवळून घेतलेला, दुसरा शब्द बसणं शक्य नव्हतं.

मी म्हणालो, हे मला जमणार नाही.

"का, सर?"

"मुलानं म्हणायची हाक नाही ही."

चहा मागवला गेला. मी तो प्यालो, बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, परत आलो. पडद्यावर नायना फाटकाशी येऊन थांबले होते, तोंड अर्धवट उघडून, माझी वाट बघत असल्यासारखे. मी हाक मारली. एकदाच. बाई म्हणाली, झालं.

सिनेमा सोलापुरात लागला तेव्हा मी अम्माला घेऊन गेलो. आदल्या दिवशी तिला पुन्हा सांगितलं, आवाज माझा आहे. ती म्हणाली, माहीत आहे की. थिएटरात माणसं थोडी होती. ती पहिल्यापासून ताठ बसली होती, हात मांडीवर. पडद्यावर नायना बोलत होते आणि मी पहिल्यांदा लहानपणी वळवला होता तसा चेहरा वळवून अंधारात तिच्याकडे बघत होतो.

ती हाक आली.

"आं, वस्तुन्ना," अम्मा म्हणाली. येते, म्हणून. घरात स्वयंपाकघरातून म्हणायची तशी, मोठ्यानं. आणि उठून उभी राहिली. पुढच्या रांगेतल्या लोकांनी मागे वळून पाहिलं. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. हात थंड पडला होता.

रिक्षात म्हणाली, "बाकी सगळं तू बोललास. ती हाक त्यांची होती."

"नाही अम्मा. तीही मीच."

"तुला काय कळतं," ती म्हणाली, रागानं नाही.

घरी आल्यावर मी स्टुडिओतल्या बाईला फोन केला. त्या एका जागी वारा पडला असेल, मूळ आवाजच ठेवला असेल, असं मला वाटत होतं. खरं तर मला तसं हवं होतं. ती म्हणाली, "नाही सर, तिथे तर जनरेटर चालू होता. सगळं तुमचंच आहे."

हे मी अम्माला सांगितलं नाही.

त्यानंतर माझी जीभ पूर्वीसारखी सरळ राहिली नाही. वर्गात भाषा म्हणताना बाशा निघून गेलं आणि पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, तुमी आज असं का बोलताय?" बायको म्हणते, झोपेत तुम्ही तेलुगू बोलता, आणि ते ऐकायला तुमच्यासारखं वाटत नाही. बाहेरच्या खोलीतून मी पाणी मागितलं तर अम्मा आतून मला उत्तर देते ते मुलाला देऊ नये तसं देते, लाजरं, तरुण. तांब्या घेऊन दारात येते, मला बघते, आणि तांब्या माझ्या हातात देऊन परत वळते.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी टीव्हीवर नायनांचा जुना सिनेमा लागला. तलाठ्याचा. बायको बाजारात गेली होती. अम्मानं रिमोट घेतला आणि आवाज पूर्ण बंद केला. पडद्यावर नायना टेबलामागे बसून कुणालातरी कागद नाकारत होते.

"तू बोल," ती म्हणाली.

"अम्मा, मला संवाद आठवत नाहीत."

"बोल काहीही."

मी बोललो. त्यांचे ओठ हलतील तसं बोलत गेलो. आधी तलाठ्यानं बोलावं तसं, कागद आज मिळणार नाही, उद्या या. प्रसंग बदलला, मग मी काय बोलतोय याकडे माझं लक्ष राहिलं नाही. ओठ तेवढे चुकत नव्हते. भानावर आलो तेव्हा मी तेलुगूत बोलत होतो, आणि अम्मा रडत होती. काय बोललो ते मी तिला विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

तिनं उठून टीव्ही बंद केला. "पुरे आता," म्हणाली. "झोपू दे त्यांना." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मी तिथेच बसून राहिलो. खाली गल्लीत कोथिंबीरवाला ओरडत होता. सकाळीच बायकोनं सांगून ठेवलं होतं, तो आला की थांबवा, जुडी घ्या. मी खिडकीशी गेलो. तो अगदी खाली उभा होता, वर बघत होता. एक हाक मारायची होती, पण ती आत अम्मानंही ऐकली असती. मी ओठ मिटून उभा राहिलो, तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत.