पाळणा नसलेल्या कादंबऱ्या

कुणी आजारातून उठत असलं की शेजारपाजारचे माझ्याकडे येतात. "काकू, काहीतरी हलकंफुलकं द्या वाचायला." मी देते. आजाऱ्याने काय वाचावं याबद्दल माझी मतं ठाम आहेत. पहिल्या आठवड्यात विनोदी, कारण डोकं चालत नसतं. जरा भूक लागायला लागली की प्रवासाची किंवा जंगलातली. आणि उठून खिडकीपर्यंत जाता यायला लागलं की गुप्तहेरकथा. पुस्तक पातळ हवं, छातीवर पेलेल इतकं. हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं.

लग्न होऊन मी साताऱ्याकडून बडोद्याला आले तेव्हा तिथल्या अकोटा भागात आम्ही दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. नवरा शहराबाहेरच्या कारखान्यात पाळ्या करायचा. सासरे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, माझी आईही मी शाळेत असतानाच गेली होती. त्या घरात बाई म्हणून मी एकटीच. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले आणि आठव्या महिन्यात टायफॉईड झाला.

ताप डोक्यात गेला होता. दवाखान्यातलं मला फार थोडं आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा पोट सपाट होतं आणि नवरा पायाशी बसला होता. तो म्हणाला, "मुलगी होती." होती, एवढंच. मी बेशुद्ध असतानाच सगळं उरकलं होतं. मी तिला पाहिलं नाही.

घरी आणल्यावर डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. माझे केस पुंजक्यांनी गळत होते, म्हणून डोक्याला रुमाल बांधलेला. खालच्या मजल्यावरच्या गुजराती मासी मुगाचं पाणी घेऊन वर यायच्या. "पी ले, वहु, ताकात आवशे," असं म्हणायच्या. मला वाटायचं, उद्यापासून हे पाणी ताकात कालवून येणार. मी रोज वाट पाहिली, ताक काही आलं नाही. शेवटी सासऱ्यांनी सांगितलं की गुजरातीत 'ताकात' म्हणजे शक्ती. तेव्हा मी हसले असेन. पण रडले मात्र नव्हते. दवाखान्यात नाही, घरी आल्यावरही नाही. मासी सासऱ्यांना हळूच म्हणाल्या होत्या, वहुला रडवा, नाहीतर ती आतून वाळेल. सासऱ्यांना कुणाला रडवता येत नव्हतं. त्यांनी पुस्तकं आणायला सुरुवात केली.

सकाळी आंघोळ झाली की ते सायकलवरून नदीपलीकडे, गावातल्या मराठी वाचनालयात जायचे. आणलेलं पुस्तक आधी स्वतः गॅलरीत बसून वाचायचे आणि मग मला द्यायचे. किती छान पुस्तकं होती ती! एकात नाटक कंपनीचं सामान चुकीच्या गावी उतरतं आणि तिथले लोक राजाचे कपडे घालून लग्नाची वरात काढतात. दुसऱ्यात एका म्हाताऱ्या वनाधिकाऱ्याच्या बंगल्यात अस्वल मुक्कामाला येतं आणि जायचं नावच घेत नाही. बोटीवरच्या आचाऱ्याची एक होती. तो प्रत्येक बंदरावर एकेक मसाला शिकत जातो आणि घरी परततो तेव्हा बायकोला त्याच्या हातचं काही आवडत नाही. त्या दुपारी मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

काही पुस्तकं मात्र माझ्यापर्यंत पोचायची नाहीत. सकाळी आणलेलं संध्याकाळी परत जायचं.

"बाबा, ते निळ्या कव्हरचं?"

"ते नको. छपाई फार बारीक आहे. डोळ्यांना ताण पडेल."

दोन-तीनदा असंच झालं. एकदा ते दूध आणायला खाली गेले असताना भिंत धरत धरत मी गॅलरीत गेले आणि खुर्चीवरचं असंच एक नापसंत पुस्तक उचललं. छपाई चांगली ठसठशीत होती. खुणेला चिंचेचा पाला घातलेल्या पानावर बारसं चाललं होतं. बायका पाळण्याभोवती बसून कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत होत्या.

मी पुस्तक होतं तसं ठेवलं आणि येऊन पडले. मग लक्षात आलं, मला दिलेल्या एकाही कादंबरीत मूल नव्हतं. डोहाळे नव्हते, कुणाच्या कडेवर कुणी नव्हतं. आनंदाच्या गोष्टींत कुठेतरी मूल असतंच हो. त्यातून अशी निवडून काढायची म्हणजे त्या म्हाताऱ्या माणसाने किती पुस्तकं उपसली असतील! आणि प्रत्येक पाळण्यापाशी ते एकटे थांबले असतील. ती त्यांचीही नात होती.

उन्हाळा संपत आला तेव्हा त्यांनी एक गुप्तहेरकथा आणली. राजाच्या जामदारखान्यातला हार चोरीला जातो आणि एक लठ्ठ, विसरभोळा फौजदार तपासाला येतो. गॅलरीतून सासऱ्यांच्या हसण्याचे आवाज येत होते. मला राहवेना.

"संपलं का, बाबा? द्या ना मला."

मी असं हट्टाने काही मागण्याची ती पहिलीच वेळ होती. ते लगेच उठून आले. "शेवटचं प्रकरण राहिलंय माझं. पण असू दे, तू वाच. चोर कोण ते मला सांग. माझा संशय दिवाणावर आहे."

मी दोन दिवसांत ते संपवलं. चोर दिवाण नव्हता, वैद्य होता. हार सापडतो, बक्षीस मिळतं, फौजदार घरी जातो. अंगणातच त्याला सुईण भेटते. शेवटच्या पानावर तो लठ्ठ माणूस दोन्ही हात पुढे करून उभा आहे आणि दुपट्यातली मुलगी घ्यायची कशी, हे त्याला कळत नाही.

सासरे चहाचा कप घेऊन दारात आले. "वाचलंस? कोण निघाला चोर?"

"त्याला मुलगी झाली, बाबा."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी कप खाली ठेवला, माझ्या हातातून पुस्तक घेतलं, शेवटचं पान उभ्याउभ्याच वाचलं आणि पलंगाच्या कडेला बसले.

"मी वाचायला हवं होतं," ते म्हणाले. "एवढं एकच प्रकरण..."

"बाबा, आपली कशी होती?"

खाली मासींच्या घरात धुणं आपटल्याचा आवाज येत होता.

"केस होते," ते म्हणाले. "खूप होते. काळेभोर, मानेपर्यंत. तुझ्यासारखे." माझ्या डोक्याच्या रुमालाकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी नजर खाली केली. "गोरी नव्हती. कपाळाला आठी होती, कुणीतरी झोपमोड केल्यासारखी. हाताची बोटं लांब होती."

"कुणी घेतलं होतं तिला?"

"मीच. तुझ्या नवऱ्याला घेववेना. माझ्या उपरण्यात गुंडाळली. रिक्षा केली. रस्त्यात खड्डे फार, म्हणून मी रिक्षावाल्याला म्हटलं, हळू चालव, बाळ झोपलंय."

एवढं बोलून त्यांनी तोंडावर हात घेतला. मला तेव्हा रडू आलं. इतकं, की मासी धावत वर आल्या. दारातून आम्हा दोघांकडे पाहून त्या आत आल्या, मला छातीशी धरलं आणि "रडी ले, दीकरी, रडी ले", रड लेकी, असं म्हणत स्वतःही रडू लागल्या.

संध्याकाळी नवरा कारखान्यातून आला. माझे सुजलेले डोळे पाहून त्याने विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं की बाबांनी मला तिच्याबद्दल सगळं सांगितलं. तो चपला काढता काढता थांबला.

"मी बघितलंच नाही गं तिला," तो म्हणाला. "मी नदीकडे तोंड करून उभा होतो. धीर झाला नाही." मग वडिलांकडे वळून, लहान मुलाने विचारावं तसं त्याने विचारलं, "बाबा, कशी होती ती?"

सासऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. केस, आठी, लांब बोटं. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून ऐकत होतो. तिच्याबद्दल जगात जेवढं कुणाला माहीत होतं, तेवढं त्या एका माणसापाशी होतं.

पाऊस संपल्यावर, मला नीट चालता यायला लागलं तेव्हा, मी त्यांना म्हटलं, मला तिथे घेऊन चला. नवऱ्याला यायचं नव्हतं. आम्ही दोघंच रिक्षाने गेलो. विश्वामित्री नदीच्या काठावर लहान मुलांना मातीत ठेवायची ती जागा. पण त्या पावसात नदीला पूर येऊन गेला होता. काठ खचला होता, सगळीकडे गाळ सुकून भेगा पडल्या होत्या, आणि झुडपांना चिंध्या लटकल्या होत्या.

"इथे एक बाभूळ होती," सासरे म्हणाले. काठी टेकत ते पुढे गेले, परत आले, पुन्हा वर चढले. म्हशी चारणाऱ्या एका माणसाला विचारलं. "पूर मां गयुं बधुं, काका," तो म्हणाला. सगळं पुरात गेलं. तरी ते शोधतच राहिले. धोतराला माती लागली होती, धाप लागली होती.

"बाबा, पुरे."

"अगं, इथेच होती. मी दोन दगड ठेवले होते."

मी जाऊन त्यांचा हात धरला. त्यांचा हात तापल्यासारखा गरम होता. मी म्हटलं, "इथेच असेल." आणि आम्ही पायाखालच्या त्या जमिनीला नमस्कार केला. ती जागा तीच होती का, कोण जाणे.

पुढे आम्हाला मूल झालं नाही. डॉक्टरांनी प्रयत्न केले, आम्हीही केले, मग सोडून दिलं. काही वर्षांनी सासरे गेले. जाण्याआधीच्या आजारात मी त्यांना पुस्तकं वाचून दाखवायची. ती मात्र मी निवडून आणत नसे. हाताला लागेल ते आणायची, आणि त्यात बारसं आलं, रांगणं आलं, बोबडे बोल आले, तरी थांबत नसे. ते डोळे मिटून ऐकायचे. एकदा असंच एका घरात मुलगी जन्मल्याचं मी वाचत होते, तेव्हा ते म्हणाले, "हे पान पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर उतरत होतं. ते पुसायला मी हात पुढे केला, तर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "राहू दे. पुढे वाच."