चैत्रातला बर्फ

“सकाळचा बर्फ इमानदार असते, सर. दहानंतर त्याचा भरोसा नाही.”

कोंढ्याच्या आमच्या शाळेचे चौकीदार हे भर चैत्रात, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून सांगायचे. ऐकणाऱ्यांनी बर्फ पाहिलेला असायचा तो रसवंतीवरचा.

धानाच्या बांधीत वाढलेला हा माणूस फौजेत गेला आणि उंच पहाडात स्कीवर गस्त घालू लागला. शाळेच्या पायऱ्या उतरतानाही ते गुडघे वाकवून तिरपे उतरत. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही हसू आलं असतं.

“स्कीखाली केसाळ पट्टी लावून चढाचं,” ते समजावत. “म्हणजे मागं घसरत नाही. रात्री गोठलेला बर्फ सकाळी फरशीवानी टणक. ऊन चढलं का चिखल केलेल्या बांधीवानी. मंग सारा उतारच खाली येते.”

एकदा मी सहज विचारलं, “तुम्ही कधी उशिरा उतरलात?”



“एकदा. मी पुढं होतो. खिंड समोर दिसून राहिली होती. जोडीदार म्हणे, ‘धूप चढ़ गई, लौट चल.’ मी म्हटलं, दहाच मिनिटं. आवाज झाला म्हणून वळलो, तं मागं कोणीच नाही. हातानं खोदून काढलं त्याले. पण गेला होता.”

जोडीदाराची पेटी त्याच्या पहाडातल्या गावी पोचवायला हेच गेले. आईला सगळं खरं सांगितलं, स्वतःची चूकही. ती रडली, मग उठून चूल पेटवली. म्हणाली, “पहले खाना खा ले.”

पुढे दर वर्षी बर्फ वितळून वाट मोकळी झाली की ते घरचा तांदूळ घेऊन तिच्याकडे जात. छप्पर दुरुस्त करून, लाकडं फोडून परत येत. गुडघे गेल्यावर दर चैत्रात फोन करू लागले.

यंदा माघात ते वारले. चैत्र लागला तशी त्यांची बायको शाळेत आली आणि त्यांचा मोबाइल माझ्यापुढे धरला.

“सर, तिकडच्या आईले सांगा लागते. वाट पाहून राहिली असंन. मले हिंदी जमत नाही.”

मी नंबर लावला. पलीकडून थकलेला आवाज आला, “बेटा?”

बाईंनी माझ्या हातून फोन घेतला, डोक्यावर पदर ओढला.

“आई,” त्या म्हणाल्या, “मी सून बोलून राहिली.”