हाशिया सरांचं डावीकडचं पान

रविवार, अकरा जानेवारी. सकाळचे साडेदहा. ठिकाण: हाशिया सरांच्या घराचा वरचा मजला.

हजर: सरांच्या पत्नी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या भाभी. उचगावचे बाळू बाइंडर, काखेत पांढऱ्या फडक्यात बांधलेला गठ्ठा घेऊन. दातांचे डॉक्टर देसाई. आणि मी, निर्मला कांबळे, पतसंस्थेत शाखाधिकारी. गैरहजर: सर स्वतः. ते गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या खुर्चीत कुणी बसलं नाही. डॉक्टरांनी खाली सतरंजीवर बैठक मारली आणि गुडघे दुखतात म्हणून लगेच तक्रारही केली.

फडक्याची गाठ सोडण्याआधी सर कोण होते ते सांगते. नाहीतर त्या गाठीकडे बघून आम्ही चार जाणती माणसं श्वास रोखून का बसलो होतो, ते कळायचं नाही.

सर चित्र बघत नसत, आधी चित्राची कड बघत. लग्नपत्रिका हातात आली की वधूवरांची नावं राहिली बाजूला, पहिला प्रश्न: "हाशिया किती सोडलाय?" हाशिया म्हणजे समास, पानाच्या चारी बाजूंची मोकळी जागा. मोगल दरबारातल्या चित्रांच्या पानांवर हा हाशिया चांगला चार बोटं रुंद असे आणि त्यात सोन्याच्या रेघांनी फुलं, पाखरं, माणसं काढलेली असत. मधल्या चौकटीत बादशहा. "चौकटीत राजा बसतोय," सर म्हणत, "पण ऱ्हातंय कोण? दुनिया. आणि ती ऱ्हाती हाशियात." उचगावच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे. फारसी अक्षरं त्यांच्या आजोबांकडून आलेली. शाळेतल्या पोरांनीच त्यांना हाशिया सर हे नाव ठेवलं, आणि सरांना ते इतकं आवडलं की दारावरच्या पाटीवरही त्यांनी तेच लिहिलं. पाटीला अर्थातच चारी बाजूंनी हाशिया.

माझी त्यांची ओळख पतसंस्थेत झाली. आमचा अर्ज हातात धरून ते काउंटरवर गरजत होते. "अर्ज हाय का भाकरीचं पीठ? कडंपर्यंत थापलंय निस्तं! माणसानं अंगठा कुठं ठिवायचा?" मी त्यांना आत बोलावलं. खुर्चीवर बसता बसता त्यांची नजर माझ्या पाठीमागच्या भिंतीवर गेली. तिथं आठवड्याच्या कामांची माझी यादी लावलेली असते, स्वच्छ अक्षरात, चारी बाजूंना सारखी जागा सोडून.

"हे कुणी लिवलंय?"

"मी."

"रविवारी घरला या." अर्जाचं काम ते विसरूनच गेले. त्या दिवसापासून मी त्यांची यादीबाई झाले.

रविवारच्या त्या वर्गात मला काय मिळालं हे सांगताना अजूनही माझा आवाज चढतो. बोरू तासायचा, त्याचं टोक तिरकं छाटायचं, आणि त्याच बोरूने एक ठिपका टाकायचा. हा ठिपका म्हणजे माप! अलिफ, म्हणजे फारसीतलं पहिलं अक्षर, एक उभी रेघ, तीन ठिपके उंच. पट्टी नाही, आखणी नाही, सगळं अक्षर आपल्याच लेखणीच्या ठिपक्यांनी मोजायचं. मला, आयुष्यभर रकाने आखत आलेल्या बाईला, हे कळलं तेव्हा मी उठून उभीच राहिले. सर खदाखदा हसले. "बसा, बसा. अजून बे यायचाय. त्यो तर आडवा पसरतोय, दुपारच्याला जेवून पडल्यागत."

कागदाची तर वेगळीच तऱ्हा. शाई फुटू नये म्हणून कागदाला भाताच्या पेजेचा हात द्यायचा आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटायचा. पेज कशाची? आजऱ्याच्या घनसाळची. दुसरा तांदूळ सरांना चालत नसे. सगळं घर दरवळायचं. भाभी जिन्यातूनच ओरडायच्या, "माणसांला रेशनचा भात आन् कागदाला घनसाळ! बघा बाई, ह्या घरात कागुद हून जन्माला याय पायजे होतं!" सर आतून म्हणायचे, "आलीस तर तुला बी घोटून काढतो." भाभींचं उत्तर इथं लिहिण्याजोगं नाही.

अशी पानं करून त्यांचा एक मुरक्का बांधायचा, हा सरांचा ध्यास. मुरक्का म्हणजे मोगलांचा चित्रसंग्रह: कुठलं चित्र, कुठलं अक्षर, कुठली जुनी कड, सगळं जोडून चिकटवून केलेली पानं. देसाई डॉक्टरही रविवारच्या वर्गाला येत. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, म्हणजे नक्की काय? सरांनी भाभींच्या पलंगाकडे बोट दाखवलं. "वाकळ. ठिगळं जोडल्याली. फकिराच्या गोधडीला बी मुरक्काच म्हणत्यात. बादशानं तीच कागदाची केली, एवढंच."

आमच्या मुरक्क्यात बादशहा नव्हता. सरांनी दरबारी ढंगात काढली ती आम्ही माणसं: एका अंगाने दिसणारा चेहरा, ताठ मान, हिरवी पार्श्वभूमी, हातात काहीतरी नाजूक धरलेलं. बादशहाच्या हातात गुलाब असतो. डॉक्टर देसायांच्या हातात दाढ आहे. बाळूच्या हातात दाभण. आणि मोगल रिवाजाप्रमाणे चित्रासमोर चित्र, अक्षरासमोर अक्षर. पान उघडलं की दोन माणसं एकमेकांकडे बघत बसलेली दिसली पाहिजेत. एका पानावर सर, समोरच्या पानावर भाभी. "एकटं पान निकामी," सर म्हणायचे. "समोर कोण न्हाय म्हंजे बोलायचं कुणासंगट?"

घोळ झाला तो बांधणीत. सर छातीच्या दुखण्याने दवाखान्यात होते. तिथूनच त्यांनी बाळूला निरोप दिला, वरचं पान पहिलं, तसाच गठ्ठा शिव. बाळूचा जन्म गेला दफ्तरांची रजिस्टरं आणि कॉलेजच्या पोरांचे प्रबंध बांधण्यात. त्याने नेहमीसारखी डावीकडे शिवण घातली, वर चामडं चढवलं, आणि सर घरी आल्या दिवशी पेढे घेऊन हजर झाला. फारसी पुस्तक उजवीकडून उघडतं, म्हणजे शिवण उजवीकडे हवी, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. आमच्या डोक्यात पुस्तक म्हटलं की शिवण डावीकडेच.

सरांनी पुस्तक उघडलं. उजवीकडे बसायचं पान डावीकडे आलेलं, डावीकडचं उजवीकडे. एकूण एक माणूस समोरच्याकडे पाठ करून बसलेला! डॉक्टर भिंतीकडे, बाळू खिडकीकडे. आणि बाहेरच्या बाजूला यायचा तो रुंद हाशिया, सोन्याच्या फुलांसकट, शिवणीच्या पोटात गेलेला.

सरांनी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. बाळूचा पेढ्याचा पुडा हातातच राहिला. "सर, आवो मी जन्मात कंदी उजवीकडनं शिवलंच न्हाय ओ," तो एवढंच म्हणाला.

भाभींनी वाकून पाहिलं. त्यांचं चित्र एका पानावर, सरांचं दुसऱ्या पानावर, दोघांच्या पाठी एकमेकांना लागलेल्या. "काय चुकलंय त्यात?" त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं हेच चाललंय की!"

सर आधी खोकले, मग हसले, मग डोळे पुसले. "बाळू, शिवण लई पक्की घातलीयास लेका. इस्कटाय वेळ लागंल. पण इस्कटायची. माणसं समोरासमोर तोंड करून बसल्याली मला ह्या डोळ्यानं बघायची हायत."

मी त्याच संध्याकाळी कामांची वाटणी केली. टाके उसवणं: बाळू. चामडं सोडवणं: बाळू आणि डॉक्टर, कारण डॉक्टरांकडे बारीक हत्यारं. घनसाळची पेज: भाभी, कुरकुरीसह. भोकं पडलेले, सरस लागलेले हाशिये कापून तिथं नव्या पट्ट्या जोडायच्या आणि रंगवायच्या: सर. पावसाळा तोंडावर होता, कागद वाळेना, बुरशीची भीती. भाभींनी पट्ट्या शेगडीवर दोरी बांधून वाळवल्या, भडंगाच्या डब्याशेजारी. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सरांना विश्रांती सांगितलेली. भाभींनी कुंचले लपवले. सरांनी खारीच्या शेपटीचे केस कुणाकडून तरी मिळवून नवा कुंचला बांधला आणि अंथरुणात बसून रंगवू लागले.

अक्षरांची शेवटची जोडी तेवढी राहिली होती. उजवीकडच्या पानावर सरांनी काय चिकटवलं होतं? सराव! अलिफ, बे, नून, एकावर एक, उलटे सुलटे, कागद काळा होईपर्यंत गिरवलेले. मला वाटलं चुकून आलं. सर ताडकन उठून बसले. "चुकून? आवो यादीबाई, उस्तादाच्या सरावाचं कागुद बी बादशा जपून मुरक्क्यात लावायचे! कसलेल्या पानात हुन्नर दिसतंय. सरावात माणूस दिसतोय." त्या काळ्या कागदाकडे मी मग नीट बघितलं. कुठं हात सैल सुटलेला, कुठं अडलेला, कुठं एकच वळण हट्टाने पुन्हा पुन्हा. सर बोलताना जसे एका शब्दावर अडून बसायचे, अगदी तसं.

"आणि समोरचं पान?" मी विचारलं.

"ते तुमचं."

"सर, माझा अलिफ अजून वाकतो."

"वाकू दे की. भरल्याला ऊस बी वाकतोय."

मी म्हटलं, बांधणी होऊ दे, मग बघू. ते म्हणाले, "व्हय, आदी बांधणी. रिकामी जागा सोडूनच शिवा. हाशिया मी करून ठिवतो." तो हाशिया त्यांनी कुणाला दाखवला नाही. वर कोरा कागद चिकटवून बाळूच्या हाती दिला. त्यानंतर आठवड्याभरातच ते गेले.

बाळूने मग कितीतरी महिने गठ्ठ्याला हात लावला नाही. मी फोन केला की म्हणायचा, "बाई, परत उलटं शिवलं गेलं तर ओ?" शेवटी मीच उचगावला गेले आणि त्याच्या दुकानात खुर्ची टाकून बसले. रद्दी कागदाचं एक बाड आधी उजवीकडून शिवून घेतलं. मग आणखी एक. तिसऱ्याला तो म्हणाला, "जावा आता घरला. जमतंय."

तर आज, रविवारी, भाभींनी फडक्याची गाठ सोडली. बाळूने पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं आणि स्वतः दाराशी जाऊन उभा राहिला, पळायला सोपं जावं म्हणून असेल.

उजवीकडून उघडलं. डॉक्टर आणि बाळू समोरासमोर! दाढ आणि दाभण! डॉक्टर गुडघे विसरून उभे राहिले. "अरे, बघतोय माझ्याकडं, बघतोय बघ!" बाळू दारातून धावत आला. पुढचं पान. सर आणि भाभी, नजरेला नजर. भाभींनी पदर तोंडाला लावला. पदराआडूनच म्हणाल्या, "आता बघतोय व्हय. जित्तेपणी सगळी नजर कडंवर."

शेवटची जोडी आली. उजवीकडे सरांचा काळा सराव. डावीकडचा चिकटवलेला कागद बाळूने ओल्या बोळ्याने हळूच सोडवला.

मधली चौकट कोरी. आणि भोवती हाशिया, सोन्याच्या रेघांचा, माणसांनी भरलेला! कट्ट्यावर म्हशीची धार काढणारा गवळी. पेजेचं पातेलं घेऊन तणतणणाऱ्या भाभी. उलटं पुस्तक हातात धरून डोकं खाजवणारा बाळू, ज्यावर बाळू स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसला. दोरीवर वाळणाऱ्या पट्ट्या. आणि खालच्या कोपऱ्यात, मांडी घालून बसलेली एक चष्मेवाली बाई. तिच्या मागच्या भिंतीवर यादी नाही. तिच्या हातात बोरू आहे, आणि ती बघते आहे कोऱ्या चौकटीकडे.

मग भाभी उठल्या, कपाटातून सरांची दौत काढली, सुकलेल्या शाईत दोन थेंब पाणी घातलं आणि माझ्यापुढे आदळली. "बघत काय बसलीयास? माझा घनसाळ लावलाय त्या कागदाला. वाया घालवू नगंस."

त्यानंतर काय झालं ते नोंदवते. चहा झाला. डॉक्टर गेले, बाळू गेला. मी सरांच्या चाकूने बोरू तासला, टोक तिरकं छाटलं आणि रद्दी कागदावर एक ठिपका टाकून पाहिला. फिका, पण बरा आला. त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा.

राहिलेलं काम: डावीकडचं पान. शाई भिजते आहे.