म्हशीचा खूर आणि सकाळची रांग

त्या फ्लेक्सवर म्हशीचा एका अक्षरानं उल्लेख नाही. तिथंच माझं डोकं फिरलं, ते अजून जागेवर आलेलं नाही.

दोन बांबूंना बांधलेला भला मोठा फ्लेक्स, त्यावर सगळं इंग्रजी. मी सातवी नापास. इंग्रजी मला इंजिनावरच्या पाटीपुरतं येतं. नातीला म्हटलं, वाच. ती दिल्लीत वाढलेली, तिला मराठी शब्द लवकर सापडत नाहीत.

"आबा, लिहिलंय की आपला फेस्टिवल फ्री आहे, कारण म्युझिक सगळ्यांचं असतं. आणि सकाळी सगळे एका लाइनमध्ये सायलेंट वॉक करतात. मेडिटेशनसारखं. ही आयडिया जर्मनीतल्या एका पार्टीतून आली."

"कुठून आली?"

"जर्मनी."

जर्मनी! ती रांग मी लावली. फरीदाबादमागच्या खाणीच्या रानात, आणि एका म्हशीपायी लावली. त्यांना इतिहास लिहायचाय ना? मग हा घ्या.

मी फौजेत इंजिनं दुरुस्त करायचो. हवालदार म्हणून सुटलो, फरीदाबादलाच राहिलो, लग्नाकार्याला जनरेटर भाड्यानं द्यायला लागलो. नात कॉलेजात असताना चार मित्र घेऊन आली. त्यांना असा कार्यक्रम करायचा होता की ज्याला तिकीट नाही, पोस्टर नाही, जागासुद्धा ऐन वेळी फोनवर कळवायची. मला आधी चोरीचा मामला वाटला. गाणं ऐकवलं तर नुसती धडधड, त्याला टेक्नो म्हणतात म्हणे. पण खरं सांगतो, ती धडधड मला वाईट वाटली नाही. नीट ट्यून केलेलं डिझेल इंजिन असंच चालतं, एक ठोका चुकत नाही. जनरेटर दिला आणि भाडंही घेतलं नाही.

जागाही मीच बघून दिली. बंद पडलेल्या दगडाच्या खाणीमागचं पडीक रान. ते तिथल्याच गावच्या एका म्हाताऱ्याचं, माझ्याच वयाचा असेल. त्यानं एकच विचारलं, माझी म्हैस तिथं चरते, तिचं काय? मी शब्द दिला, रान जसं आहे तसं परत मिळेल.

पहिल्या वर्षी पोरं नाचली, उठली, गेली. दोन दिवसांनी म्हातारा माझ्या दारात.

"फौजी, तेरे बालक तो नाच लिए, मेरी भैंस लंगड़ी हो गई।"

बाटलीची काच खुरात गेली होती. नातीला घेऊन मी त्याच्या गोठ्यात गेलो. डॉक्टर काच काढत होता तेव्हा तो खूर मी धरला होता. म्हातारा नुसता म्हशीची मान थोपटत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आयुष्यात कुणी मला शब्दाचा खोटा म्हटलेलं नाही, आणि त्या दिवशी म्हणायची गरजच नव्हती.

पुढच्या वर्षी मी अट घातली. जनरेटर पाहिजे? मग उजाडलं की सगळे फॉल इन, म्हणजे रांगेत उभे. एकेक हात अंतर ठेवून रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, मान खाली, हातात पोतं. थोटूक, झाकण, काच, दिसेल ते उचलायचं. तोंड बंद, कारण बोलणाऱ्याला काच दिसत नाही. हे त्यांचं मौन! फौजेत याला फटीग म्हणतात.

एक जण कुरकुरला, "अंकल, हम तो गेस्ट हैं।"

"लंगर में खाया, तो थाली कौन धोएगा? तेरा फूफा?"

सगळी हसली, पण वाकली. फुकट आलात ना, मग पाठ वाकवा. माझ्या लेखी तिकीट ते हेच.

रांग संपली की बांधावर म्हातारा म्हैस धरून उभा असायचा. विचारायचा, "छोड़ दूँ?" मी म्हणायचो, "छोड़ दे." पुढं दरवर्षी असंच चाललं.

मग माझे गुडघे गेले. दोन हिवाळे मी घरी, जनरेटरबरोबर ड्रायव्हर जायचा. यंदा हट्टानं गेलो, आणि त्या फ्लेक्ससमोर उभा राहिलो.

नातीला म्हटलं, "तू होतीस त्या गोठ्यात. तू खूर बघितलास."

"फ्लेक्स बनवणाऱ्यांना मी सांगितलं होतं. ते बोलले, म्हैस नको, ऑड वाटतं."

तेवढ्यात धुक्यात रांग लागली. रांग झकास, अंतर एकसारखं. पण हात रिकामे! छातीशी जोडलेले. डोळे अर्धे मिटलेले, मागं स्पीकरवर कसलीशी घुमघुम. माझ्यासमोर एकाच्या पायात फुटकी बाटली आली. तो पाय उचलून, अगदी हळू, शांतपणे तिच्यावरून पलीकडं गेला.

"साफ कोण करतं आता?"

"हायर करतो ना, आबा. वस्तीतल्या बायका येतात दुपारी."

म्हैस सकाळी येते.

मी जनरेटर बंद केला. घुमघुम थांबली. अंबाडा बांधलेला एक जण धावत आला. "अंकल, वॉक के बीच में पावर क्यों काटी?"

"बोरियाँ कहाँ हैं?"

"कैसी बोरियाँ?"

पोतं म्हणजे काय, हेच त्याला ठाऊक नव्हतं. मी खिशातून चाकू काढला, फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या आणि तो इतिहास खाली ओढला.

"आबा, प्लीज! सगळे बघतायत यार!"

"यार कुणाला म्हणतेस? आजोबा आहे मी तुझा. टोक धर."

ती तोंड फुगवून उभी राहिली. मग धरलं. मी ओरडलो, "फॉल इन!" निम्मे गाड्यांकडं गेले, काही जणांनी फोन काढून माझा व्हिडिओ केला. करा. उरलेले रांगेत आले. अंबाडेवाला पण आला, सगळ्यात शेवटी. आम्ही चाललो, आणि उचललेलं सगळं त्या फ्लेक्सवर पडत गेलं. पलीकडच्या टोकाला पोचलो तेव्हा नातीला तिच्या बाजूचं टोक एकटीनं उचलेना.

बांधावर म्हातारा उभा होता, दाव्याला म्हैस. दोन वर्षं मी का आलो नाही, ते त्यानं विचारलं नाही.

"छोड़ दूँ, फौजी?"

मी मागं वळून बघितलं. ऊन नुकतंच वर आलं होतं, आणि आम्ही चालून आलेल्या गवतात दोन-तीन जागी काहीतरी चमकत होतं.

"रुक," मी म्हटलं, आणि रांग परत फिरवली.