आधी धुराडं

लोकल बोर्डातल्या त्या बाबूजींना मी छत्री उघडताना कधी पाहिलं नाही. त्यांची छत्री वावरांकडे रोखून कारखाने दाखवायला होती. "इथं कापसाले जिन, तिथं गाठी बांधाले प्रेस, अन् त्या वांग्याच्या वाफ्यांत साबणाचा कारखाना. झालाच समजा!" ती वांगी आमची. दुपारी आमच्याच ओसरीवर त्यांची भाजी खाऊन बाबूजी ढेकर देत आणि सांगत, "पोट्ट्यायले नोकऱ्या लागल्याच समजा."

दोन वर्षांत माळावर एक धुराडं तेवढं उभं राहिलं. खाली ना इंजिन, ना भिंत. विचारलं तर म्हणत, "धुराडं दिसलं का शेठ लोक आपोआप येतेत."

एका सकाळी कळलं की मोठा साहेब बडनेऱ्याच्या गाडीनं जाणार आहे, आणि त्याला डब्यातून धूर दिसला पाहिजे. बाबूजींनी चार माणसं आणून आमच्या परसातला पऱ्हाटीचा अख्खा ढीग उचलला. कापसाच्या त्या वाळक्या काड्या म्हणजे आमचं वर्षाचं जळण. आई आडवी आली तर म्हणाले, "बाई, गावाचं भलं होऊन राहिलं, अन् तुमी कावून रडता?"

गाडी गेली. उन्हामुळे साहेबाच्या डब्याच्या खिडक्या बंद होत्या.

तासाभरानं बाबूजी हातपाय धुऊन नेहमीच्या जागी येऊन बसले. धुराडं अजून धुमसत होतं. आमची चूल थंड होती. आईनं त्यांच्यापुढे रिकामी थाळी ठेवली.

"जेवा बाबूजी," ती म्हणाली, "भाकर झालीच समजा."