बखरकाराच्या राज्यातलं पाणी

घरात आलेला माणूस आधी "काय, बरं आहे ना?" असं विचारतो. आमचा बखरकार चपला काढता काढताच सुरू व्हायचा, "ताई, काल लक्षात आलं, सातव्या राजाला एक सावत्र भाऊ होता!" हे राजे सगळे त्याच्याच डोक्यातले. त्याचं खरं नाव वेगळं, पण हे नाव असं चिकटलं होतं की त्याची आईसुद्धा फोनवर "बखरकार आहे का तिथं?" म्हणून विचारायची.

दर रविवारी दुपारी पडेगावला आमच्या घरी भूमिकांचा खेळ चालायचा. एकाने गोष्ट पुढे न्यायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, अडलं की फासा टाकायचा. विकतच्या खेळाबरोबर त्या काल्पनिक जगाची माहिती देणारं जाडजूड पुस्तक मिळतं. बखरकाराला तेही अपुरं वाटायचं. शाळेत असल्यापासून तो स्वतःचंच जग लिहीत होता आणि त्याची पानं पाचशेच्या वर गेली होती. वंशावळी, सणवार, नाणी, झालेले तह, मोडलेले तह, सगळं त्यात होतं. एका राणीच्या हत्तिणीला तर स्वतंत्र प्रकरण होतं, आता बोला!

खेळ सुरू होण्याआधी तो हे वाचून दाखवायचा. चहा व्हायचा, पोहे व्हायचे, पोह्यांच्या बशा धुऊनसुद्धा व्हायच्या. वेरूळची शेती सांभाळून शहरात नोकरी करणारा आमचा गणेश फासा मुठीत घोळवत बसायचा आणि शेवटी ओरडायचा, "अरे बाबा, लई झालं! फासा कधी टाकायचा?" त्यावर बखरकाराचं ठरलेलं उत्तर, "पाया पक्का नको का?" मग एकेकाकडे नेमके रविवारीच पाहुणे यायला लागले. शेवटी गणेश आणि मी, दोघंच उरलो.

एका रविवारी तो आला तो तोंड पाडूनच. म्हणाला, "ताई, आज तुम्ही दोघंही कंटाळलात तर मी हे कायमचं बंद करतो. एवढं जग बांधलं, पण कुणी राहायलाच येईना." आणि एवढं बोलून पठ्ठ्याने पुन्हा पुस्तक उघडलं! माझं डोकंच फिरलं.

"थांब," मी म्हणाले. "आत्ता आपण कुठं आहोत?"

"सीमेवरच्या गावात."

"या गावात पाणी कुठून येतं?"

आमच्याकडे भाड्याचं घर बघायला गेलं तरी हाच प्रश्न पहिला. बखरकाराने पानं उलटली, आधी सावकाश, मग भराभर. हत्तिणीची आंघोळ सापडली, गावाचं पाणी काही सापडेना. त्याचा चेहरा इतका उतरला की वाटलं, मेलं, कशाला विचारलं मी!

"नाय ना लिहिलं?" गणेश पुढे सरकला. "मग मी सांगतो. इथं एक बारव हाय, पायऱ्यांची विहीर, पाणी पार तळाला गेलेलं. वरच्या गावचा पाटील पाटाचं पाणी सोडतो तवा ती भरती. अन् या खेपेला त्यानं सोडलंच नाय."

"का नाही सोडलं?" बखरकाराने विचारलं. त्याच्या जगाबद्दल त्याने दुसऱ्याला काही विचारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"तेच बघायला जायचंय की!" मी म्हणाले.

त्याने पुस्तक मिटलं. चक्क मिटलं, आणि वर पोह्यांची बशी ठेवली. "टाक फासा," म्हणाला. हुश्श! त्या दिवशी अंधार पडेपर्यंत आम्ही खेळलो. निघताना तो दारात थांबला. "ताई, सगळं मलाच ठाऊक असायला पाहिजे असं वाटायचं गं. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू!" मलाही सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

हळूहळू पाहुण्यांचं येणं थांबलं आणि गेलेली मंडळी परतली. पुढे बखरकाराला बंगळूरला नोकरी लागली. जाताना पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाला, "आता तूच चालव." स्टेशनवर मी रडले, गणेशही रडला, वर मला म्हणाला डोळ्यात धूळ गेली.

आता गोष्ट मी पुढे नेते आणि बखरकार रविवारी तिकडून फोनवर खेळतो. त्याच्याच राज्यात तो साधा शिपाई आहे आणि खुशीत आहे. परवा मी बारवेच्या रखवालदारांची माहिती सांगत होते. त्यांची घराणी, त्यांची भांडणं, थोरल्या रखवालदाराची सासुरवाडी. एवढ्यात फोनवर लांबलचक जांभई ऐकू आली.

"ताई, लई झालं," बखरकार म्हणाला. "फासा कधी टाकायचा?"